खाण उशाला, कोरड घशाला

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा. विषय लांबच्या देशाचा आहे, पण वाचून झाल्यावर तो लांबचा वाटेल की नाही ते तुम्हीच ठरवा.

पेरू देशाच्या उत्तरेला, अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,७५० मीटर उंचीवर काखामार्का नावाचं शहर आहे. स्पेलिंग बघून मी बरीच वर्षं 'काजामार्का' म्हणत होतो. स्पॅनिशमध्ये त्या 'ज'चा 'ख' होतो हे उशिरा कळलं. असो. या शहरात दगडी भिंतींची एक जुनी खोली आहे. तिला 'खंडणीची खोली' म्हणतात. पर्यटक तिकीट काढून बघायला जातात.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी फ्रान्सिस्को पिझारो नावाच्या स्पॅनिश सरदाराने जेमतेम १६८ माणसांच्या जोरावर इंका सम्राट आताहुआल्पाला याच गावच्या चौकात दगा देऊन पकडलं. आताहुआल्पाने सुटकेसाठी बोली केली. एक खोली, आपला हात वर करून पोचेल तिथपर्यंत, एकदा सोन्याने भरून देईन आणि दोनदा चांदीने. राज्यभरातून देवळांतले पत्रे, मूर्ती, भांडी येत राहिली. स्पॅनिश लोकांनी ती सगळी वितळवली. सोनंच सुमारे सहा टन भरलं. खंडणी पोचली आणि १५३३ मध्ये आताहुआल्पाला गळा आवळून मारलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की काखामार्कात सोन्याचा विषय निघाला की लोक १५३२ पासून सुरुवात करतात. आपल्याकडे पानिपत निघतं तसं. आणि पुढची गोष्ट कळायला तो सहा टनांचा आकडा लक्षात ठेवा.

शहराच्या उत्तरेच्या डोंगरांत १९९३ मध्ये एक खाण सुरू झाली, यानाकोचा. क्वेचुआ भाषेत याना म्हणजे काळं आणि कोचा म्हणजे तळं. ज्या काळ्या तळ्यावरून खाणीला नाव मिळालं ते तळं आता नाही, खाणीतच गेलं. भागीदार होते अमेरिकेची न्यूमाँट कंपनी, पेरूची बुएनाव्हेंतुरा, सुरुवातीला एक फ्रेंच सरकारी कंपनी आणि पाच टक्के हिश्श्यासह जागतिक बँकेची आयएफसी ही संस्था. हो, जागतिक बँक. गरिबी हटवायला निघालेली बँक सोन्याच्या खाणीत हिस्सेदार होती.

त्या काळात पेरूत फुजिमोरींचं राज्य होतं. 'शायनिंग पाथ'च्या हिंसाचाराने देश हैराण होता, महागाईने कंबरडं मोडलं होतं, परदेशी पैसा हवाच होता. त्या परिस्थितीत खाणीला हो म्हणणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. लोकांना खरंच वाटलं होतं की आता दिवस बदलतील.

फ्रेंच भागीदाराचा हिस्सा कुणाला जावा यावरून मालकांमध्येच कोर्टकचेरी झाली. १९९८ मध्ये पेरूच्या सर्वोच्च न्यायालयात ती न्यूमाँट-बुएनाव्हेंतुराच्या बाजूने सुटली. फुजिमोरी पडल्यावर त्यांचा गुप्तहेरप्रमुख मोंतेसिनोस याने चोरून केलेल्या चित्रफिती बाहेर आल्या, त्यात न्यूमाँटचा एक अधिकारी याच खटल्याबद्दल त्याच्याशी बोलताना दिसतो. कंपनीने गैरप्रकार नाकारला, कुणावर काही सिद्ध झालं नाही. मी यावर जास्त लिहीत नाही. पण काखामार्काच्या शेतकऱ्याचा कोर्टावरचा विश्वास कुठून सुरू होतो एवढं ध्यानात घ्या.

आता खाण चालते कशी ते बघू, कारण सगळा वाद त्यात आहे. आपल्या डोळ्यांसमोर कोलारसारखं चित्र असतं: खोल बोगदे, पिंजऱ्यातून खाली जाणारे मजूर, दगडात चमकणारी शीर. यानाकोचात तसं काही नाही. तिथलं सोनं दगडात इतकं बारीक विखुरलेलं आहे की डोळ्याला दिसतच नाही. एका टन दगडात एक ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणून अख्खा डोंगर सुरुंगाने फोडायचा, दगड प्लास्टिकच्या जाड अस्तरावर ढीग करून पसरायचा आणि त्यावर सायनाइडचं पातळ द्रावण ठिबकत ठेवायचं. आपल्या द्राक्षबागेत ठिबक असतं ना, दिसायला अगदी तसंच. द्रावण सोनं विरघळवत खाली झिरपतं, ते गोळा करायचं, सोनं वेगळं काढायचं. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. हिशेब तुम्हीच करा: एका तोळ्यासाठी बारा टनांहून जास्त दगड, म्हणजे एक भरलेला ट्रक. वाया जाणारी माती वेगळीच.

या पद्धतीने २००५ या एका वर्षात यानाकोचातून सुमारे ३३ लाख औंस सोनं निघालं. म्हणजे शंभर टनांच्या वर. आताहुआल्पाची खोली सहा टनांची होती. एका वर्षात तशा सोळा-सतरा खोल्या. दक्षिण अमेरिकेतली सगळ्यात मोठी सोन्याची खाण होती ती.

आणि हे सगळं कुठे? शहराच्या डोक्यावर. त्या उंचावरच्या गवताळ पठाराला तिथे 'हाल्का' म्हणतात. पाऊस आणि धुकं धरून ठेवणारी ओली जमीन, त्यात तळी, दलदल, झरे. आपल्या सह्याद्रीचे सडे पावसाळ्यात पाणी पितात आणि पायथ्याची वाडी उन्हाळ्यात जगते, तसाच प्रकार. काखामार्का शहराचं पिण्याचं पाणी पोर्कोन आणि ग्रांदे या नद्यांमधून येतं आणि त्या नद्या याच बाजूच्या डोंगरांतून उतरतात.

पहिला मोठा धक्का मात्र पाण्यातून आला नाही, रस्त्यावरून आला.

तिथल्या खनिजात सोन्याबरोबर पाराही असतो. तो बाजूला काढून ट्रकने खाली पाठवायचे. २ जून २००० रोजी अशा एका ट्रकमधून सुमारे १५१ किलो पारा चाळीसेक किलोमीटर रस्त्यावर सांडत गेला. वाटेत सान हुआन, चोरोपाम्पा, माग्दालेना ही गावं. लोकांनी रस्त्यावर चंदेरी थेंब पळताना पाहिले. पोरांनी ते बाटल्यांत भरले, बायकांनी घरी नेऊन ठेवले. काहींना वाटलं यात सोनं असणार, खाणीचा ट्रक आहे म्हटल्यावर! काहींनी तो चुलीवर तापवून पाहिला. पाऱ्याची वाफ बंद खोलीत काय करते हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मग कंपनीने परत आणून देणाऱ्यांना पैसे देऊ केले, तर आणखी लोक हातांनी पारा वेचायला लागले. शेकडो माणसं आजारी पडली. अंगावर पुरळ, डोकेदुखी, मूत्रपिंडाचे त्रास.

चोरोपाम्पाच्या लोकांकडून भरपाईच्या कागदांवर अंगठे-सह्या घेतल्या गेल्या, पुढे दावा करणार नाही अशा अटीसह. तरी हजाराहून जास्त लोकांनी न्यूमाँटविरुद्ध थेट अमेरिकेत, डेन्व्हरच्या न्यायालयात दावा लावला. कंपनीचं मुख्यालय तिथे होतं म्हणून. ती भांडणं वर्षानुवर्षं चालून तडजोडींत संपली. या गावावर 'चोरोपाम्पा: द प्राइस ऑफ गोल्ड' नावाचा माहितीपट आहे. मिळाला तर पाहा.

आता सेरो किलिश. 'सेरो' म्हणजे डोंगर. हा डोंगर शहराच्या अगदी जवळचा. त्याच्या पोटात जवळपास ३७ लाख औंस सोनं आहे असा कंपनीचा अंदाज होता, आणि शहराचं पाणी त्याच्याच अंगावरून येतं असं लोकांचं म्हणणं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, पेच तिथेच होता.

२००० साली काखामार्काच्या नगरपालिकेने ठराव करून किलिश आणि त्याखालची नद्यांची पाणलोटं संरक्षित जाहीर केली. कंपनी कोर्टात गेली: खनिजं देशाच्या मालकीची, परवाना केंद्र सरकारने दिलेला, नगरपालिका मध्ये कोण? प्रकरण घटनापीठापर्यंत गेलं. २००३ मध्ये निकाल आला तो असा की नगरपालिकेचा ठराव जागेवर राहिला आणि कंपनीचे आधी मिळालेले खाणहक्कही जागेवर राहिले, आधी पर्यावरणाचा अभ्यास मात्र व्हायला हवा. दोन्ही बाजूंनी पेढे वाटले असणार. असे निकाल आपल्यालाही परिचयाचे आहेत. न्यायालय कायद्याचा प्रश्न सोडवतं आणि भांडण आहे तिथेच ठेवून उठतं.

२००४ च्या जुलैमध्ये मंत्रालयाने किलिशवर शोधकामाला परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये लोक उठले. खाणीकडे जाणारा रस्ता दोन आठवडे अडवला. शेतकऱ्यांबरोबर शहरातले विद्यार्थी, दुकानदार, शिक्षक असे दहा हजारांच्या वर लोक रस्त्यावर.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे हे लोक इतके बांधलेले कसे? या भागात 'रोंदास' नावाची गस्तपथकं आहेत. १९७६ च्या डिसेंबरात याच प्रांतातल्या चोता भागात गुरं चोरणाऱ्यांविरुद्ध शेतकऱ्यांनी रात्रीचे पहारे सुरू केले. पोलीस येत नाहीत, कोर्ट परवडत नाही, म्हणून आपण आपलं बघू. पुढे ही पथकं गावचे तंटेही मिटवू लागली आणि पेरूच्या कायद्याने त्यांना मान्यताही दिली. गाय राखायला जमलेली माणसं तीस वर्षांनी डोंगर राखायला उभी राहिली. कुणी बाहेरून येऊन 'भडकवलं' असं म्हणणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसतो. माहीत असला तरी सोयीचा नसतो.

सरकारने परवानगी मागे घेतली. नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच पत्र लिहून किलिश सोडत असल्याचं कळवलं. त्यात विश्वास कमावण्यात आपण कमी पडलो अशा अर्थाची कबुलीही होती. चोरोपाम्पा होऊन चारच वर्षं झाली होती.

मग आलं कोंगा.

यानाकोचातलं सोपं सोनं संपत चाललं होतं. कंपनीने त्याच्या पुढच्या पठारावर ४.८ अब्ज डॉलरचा नवा प्रकल्प आखला, सोनं आणि तांबं दोन्ही. पेरूच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठ्या खाण गुंतवणुकींपैकी एक. जागेवर चार तळी: पेरोल, माला, आसुल आणि चिका. दोन उपसून खालचं खनिज काढायचं, दोनांच्या जागी टाकाऊ दगडाचा ढीग. बदल्यात कंपनी चार नवे जलाशय बांधून देणार, आधीपेक्षा जास्त पाणी साठवणार, कोरड्या महिन्यांत खालच्या गावांना सोडणार. पर्यावरण अहवाल २०१० च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाला, हजारो पानांचा.

इथे थोडं माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एका खाणीची जनसुनावणी होती. मंडप, खुर्च्या, बिस्लेरीच्या बाटल्या, सगळं व्यवस्थित. मूळ अहवाल चारशेच्या वर पानांचा आणि इंग्रजीत. मराठीत वीसेक पानांचा सारांश, त्यातलं मराठी असं की इंग्रजी बरं वाटावं. माझ्या पुढच्या रांगेतले एक म्हातारे काका उठले आणि एवढंच विचारलं, "साहेब, आमची विहीर आटली तर मी कुणाकडे जायचं?" व्यासपीठावरून उत्तर आलं, "ते अहवालात आहे." काका खाली बसले. इतिवृत्तात 'शंकेचं निरसन करण्यात आलं' असं नोंदलं गेलं. मी ते नंतर मागवून वाचलं आहे.

म्हणून कोंगाच्या जलाशयांबद्दल वाचताना मला एकच प्रश्न पडतो. तळ्याला नळ नसतो, जलाशयाला असतो. तो नळ कुणाच्या हातात? कंपनीचं पाण्याचं गणित कदाचित बरोबरही असेल. सरकारने बोलावलेल्या तीन परदेशी तज्ज्ञांनीही २०१२ मध्ये प्रकल्प पूर्ण मोडीत काढला नाही. आसुल आणि चिका ही तळी वाचवता येतील का ते पाहा, असं सुचवलं. पण शेतकऱ्याचा आक्षेप घनमीटरवर नव्हताच.

राजकारणाचा भाग तर कादंबरीत शोभेल. २०११ च्या निवडणुकीत ओयांता उमाला हे उमेदवार याच भागात बांबामार्काला आले आणि भर सभेत लोकांना विचारलं, तुम्हाला पाणी हवं की सोनं? सोनं काही पिता-खाता येत नाही, असंही म्हणाले. लोकांनी भरभरून मतं दिली. जुलैमध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांत सूर बदलला: पाणीही हवं आणि सोनंही, कोंगा होणार. भाषणाचा व्हिडिओ होता, तो लोकांनी पुन्हा पुन्हा फिरवला. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर जुने व्हिडिओ फिरतात तसा.

२४ नोव्हेंबरला बेमुदत बंद. २९ तारखेला तळ्यांपाशी पोलीस आणि लोकांत चकमक, बरेच जखमी, त्याच रात्री काम थांबवल्याची घोषणा. ४ डिसेंबरला चार तालुक्यांत आणीबाणी. आठवडाभरात पंतप्रधान लेर्नर यांनी राजीनामा दिला. एका खाणीवरून मंत्रिमंडळ गेलं. प्रांताचे अध्यक्ष ग्रेगोरिओ सांतोस यांच्या सरकारने कोंगा अव्यवहार्य ठरवणारा ठराव केला, तो २०१२ च्या एप्रिलमध्ये घटनापीठाने रद्द केला: मोठ्या खाणींचा अधिकार केंद्राचा, प्रांताचा नाही. (हे सांतोस पुढे भ्रष्टाचाराच्या आरोपात तुरुंगात गेले आणि २०१४ मध्ये तुरुंगातूनच पुन्हा निवडून आले. आंदोलनाचे नेते म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही, मी बसवत नाही.)

३ आणि ४ जुलै २०१२ ला सेलेंदिन आणि बांबामार्कात गोळ्या चालल्या. पाच माणसं मेली. काखामार्काच्या मुख्य चौकात पूर्वाश्रमीचे धर्मगुरू मार्को आराना बाकावर बसले होते, गळ्यात एक पाटी. त्यांना पोलिसांनी तिथून ओढत नेलं. तोच भाग, जिथे १५३२ मध्ये आताहुआल्पाची पालखी उलटली होती.

यानंतर कोंगाचं काम पुढे गेलंच नाही. लोकांनी तळ्यांकाठी झोपड्या घालून पहारा ठेवला. चार हजार मीटरच्या आसपास उंची, रात्री गोठवणारी थंडी, पाळीपाळीने गावं येत होती. स्वतःला 'तळ्यांचे राखणदार' म्हणवत होती.

आणि तिथेच माक्सिमा आकुन्या यांचं घर आहे. त्रागादेरो ग्रांदे नावाची पंचवीसेक हेक्टरची जमीन, १९९४ मध्ये नवऱ्याबरोबर घेतलेली. बटाटे, मेंढ्या, विणकाम. लिहिता-वाचता येत नाही. कंपनीचं म्हणणं, ही जमीन आम्ही गावसमूहाकडून आधीच विकत घेतली, तुम्ही अतिक्रमण केलं आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये पोलीस घेऊन माणसं आली, घर पाडलं, बाईला आणि मुलीला मारहाण झाली, असा त्यांचा आरोप. कंपनीने तो नाकारला. सेलेंदिनच्या कोर्टाने २०१२ मध्ये उलट माक्सिमालाच दोषी धरलं: तीन वर्षांची स्थगित शिक्षा आणि वर दंड. अपिलात डिसेंबर २०१४ ला काखामार्काच्या वरच्या कोर्टाने निर्दोष सोडलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१६ मध्ये बाईंना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, भाषणाऐवजी त्या मंचावर गाऊ लागल्या. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोषत्व कायम केलं.

पण बारकाईने वाचा. हा फौजदारी खटला होता. बाई गुन्हेगार नाही एवढंच ठरलं. जमीन कुणाची, हा दिवाणी प्रश्न वेगळा उरला. त्याच वर्षी कुटुंबाने छळाबद्दल अमेरिकेत डेलावेअरच्या संघीय न्यायालयात दावा लावला, तर तिथे आधी वाद सुरू झाला तो खटला अमेरिकेत चालवायचा की पेरूत. सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या बाईला आता कोर्ट कुठलं हेच ठरायचं होतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायला चपला झिजवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खाणीने काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. शहर वाढलं, हॉटेलं आली, रस्ते झाले, खाणीत चांगल्या पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या, त्या सोडायला कुणी तयार नव्हतं. खाणीच्या आयकराचा अर्धा वाटा कायद्याने त्या भागाकडे परत येतो. तरीही खाण सुरू होऊन वीस वर्षं झाल्यावर काखामार्का पेरूच्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक होता. शंभर टन सोनं वर्षाला देणारा प्रांत! पैसा येऊन पडला, पण खर्च करायला ना यंत्रणा ना आराखडा. गोव्याच्या लोहखनिजावर वाद चालू असताना तिथल्या मित्रांकडून मी हेच ऐकलं होतं, ट्रकांची रांग दिसते, पैशांची दिसत नाही.

२०१६ मध्ये न्यूमाँटने जाहीर केलं की नजीकच्या काळात कोंगा हाती घेणं शक्य दिसत नाही. सरकारने प्रकल्प रद्द केला नाही, कंपनीने थांबवला. फरक मोठा आहे. २०२२ मध्ये न्यूमाँटने बाकी भागीदारांचे हिस्से घेऊन यानाकोचाची पूर्ण मालकी मिळवली. आता तिथे वरचा थर संपला आहे, खालचं खनिज गंधकाचं. असा दगड उघडा पडला की हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं. ते पाणी शुद्ध करून सोडावं लागतं आणि ते काम खाण बंद झाल्यावरही दशकानुदशकं करत राहावं लागतं. सोनं तीस वर्षांत निघालं.

पेरोल, माला, आसुल, चिका ही चारही तळी अजून जागेवर आहेत. कोंगासाठी बांधलेला एक जलाशयही आहे, चाइल्वागोन नावाचा. खाण झालीच नाही, जलाशय तेवढा झाला. आणि शहरातल्या त्या दगडी खोलीच्या भिंतीवर, आताहुआल्पाचा हात जिथवर पोचला असं सांगतात, तिथे रेघ ओढलेली आहे.